दोन अक्षांचं यंत्र

डिसेंबर 1985 मध्ये पॅरिसच्या एका कार्यालयाला एक पत्र लिहिलं गेलं. लिहिणारे होते हितोरी कुमागाई. वाको कोएकी नावाच्या लहानशा जपानी व्यापारी कंपनीचे ते मॉस्कोतले माणूस. कंपनीशी बिनसलं, ते बाहेर पडले, आणि जपानच्या तोशिबा मशीन कंपनीनं सोव्हिएत रशियाशी केलेल्या एका सौद्याची सगळी हकीकत त्यांनी कोकॉमला कळवून टाकली.

कोकॉम हे नाव आता फारसं कानावर येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1949 मध्ये, साम्यवादी गटाला कोणती यंत्रं आणि उपकरणं विकायची नाहीत हे ठरवण्यासाठी अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांनी ही समिती उभी केली. नाटोमधले जवळजवळ सगळे देश आणि जपान तिचे सभासद होते. तिच्यामागे ना तह होता, ना स्वतःचे पोलीस. पॅरिसला बसून याद्या करायच्या आणि त्या पाळण्याचं काम ज्याच्या त्याच्या सरकारवर सोडायचं. सगळा कारभार शेवटी एका गोष्टीवर टेकलेला: टोकिओत किंवा ओस्लोत एखाद्या अधिकाऱ्याच्या टेबलावर आलेल्या अर्जात मालाचं वर्णन खरं लिहिलं आहे की नाही.

चिंचवड-भोसरी पट्ट्यातल्या एका कंपनीत मी निर्यातीचे कागद करते. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, एचएस कोड म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा आकडा, आणि गरज पडेल तिथे परवान्याचा अर्ज. 'मालाचं वर्णन' हा रकाना माझ्या रोजच्या भाकरीचा आहे. त्यामुळे तोशिबा प्रकरण सविस्तर वाचलं, तेव्हा त्यातल्या पाणबुड्या आणि हेरगिरी यांच्यापेक्षा मला अडवून धरलं ते त्या एका अर्जानं. लेनिनग्राडला जाणाऱ्या मालाचं वर्णन तोशिबा मशीन कंपनीनं असं दिलं होतं: टीडीपी 70/110, उभा लेथ, एकाच वेळी दोन अक्षांवर चालणारा. आमच्याकडे ज्याला व्हीटीएल म्हणतात तसलं यंत्र. कोकॉमच्या यादीत दोन अक्षांच्या यंत्राला मुभा होती. परवाना मिळाला.

प्रत्यक्षात पेट्यांमध्ये होती एमबीपी-110एस नावाची, नऊ अक्षांवर चालणारी, प्रॉपेलर कापणारी चार अजस्र यंत्रं. 1981 मध्ये तेकमाशइम्पोर्त या सोव्हिएत खरेदी संस्थेशी करार झाला, 1982-83 मध्ये माल रवाना झाला. किंमत साधारण 1 कोटी 70 लाख डॉलर. यंत्रांचा मेंदू, म्हणजे एनसी-2000 हे नियंत्रक, नॉर्वेच्या कोंग्सबर्ग या सरकारी शस्त्रास्त्र कंपनीकडून आले, आणि तिथेही सरकारी कागदावर दोन अक्षच होते. मध्ये सी. इतोह ही बलाढ्य व्यापारी कंपनी आणि कुमागाईंची वाको. माल पोचल्यावर जपानी आणि नॉर्वेजियन माणसं लेनिनग्राडच्या बाल्टिक शिपयार्डमध्ये जाऊन तो बसवून, चालवून देऊन आली.

दोन आणि नऊ यांत केवढं अंतर आहे हे शॉपफ्लोअरवर वावरलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. इतरांसाठी थोडं सांगते. लेथवर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिरतो आणि टूल दोन दिशांनी सरकतं, आत-बाहेर आणि वर-खाली. गोल वस्तू कापायला तेवढं पुरतं. मिलिंगला आलात की एक्स, वाय, झेड असे तीन अक्ष. पाचवर गेलात की टूलचं डोकं कलतंही आणि वळतंही, आणि ते सगळं एकाच क्षणी, एकमेकांशी ताळमेळ ठेवून. टर्बाइनचं पातं, पंपातलं फिरतं चाक म्हणजे इम्पेलर, हाडात बसवायचा कृत्रिम सांधा यांच्यासारखे वळणावळणाचे पृष्ठभाग कापायला पाच अक्ष लागतात. आज भोसरीत पाच अक्षांची यंत्रं दिसतात. 1981 मध्ये नऊ अक्ष एका नियंत्रकाच्या हुकमात चालवणं ही जगातल्या मोजक्या कारखान्यांची मिरास होती, आणि सोव्हिएत रशियाला ते स्वतःच्या घरी जमत नव्हतं.

आता प्रॉपेलर. पाणबुडीचा प्रॉपेलर पाण्यात फिरतो तेव्हा पात्याच्या एका बाजूला दाब एकदम घसरतो. दाब घसरला की पाणी थंड असतानाच उकळू लागतं. महाबळेश्वरला भात शिजायला वेळ का लागतो हे ज्याला माहीत आहे त्याला हे शास्त्र अर्धं माहीत आहे. पात्यापाशी वाफेचे असंख्य बुडबुडे तयार होतात, पुढच्या क्षणी जास्त दाबाच्या पाण्यात शिरतात आणि फुटतात. अभियंते याला कॅव्हिटेशन म्हणतात. पंपाचे इम्पेलर याच कारणानं खड्डे पडून खराब होतात. खोल समुद्रात बुडबुडे फुटण्याचा हा आवाज फार दूर जातो. अमेरिकेनं अटलांटिक आणि पॅसिफिकच्या तळाशी पाण्यातले मायक्रोफोन पसरून ठेवले होते आणि किनाऱ्यावर बसून ती माणसं सोव्हिएत पाणबुड्यांची चाल ऐकत होती.

पात्याचा पृष्ठभाग जितका अचूक, तितका हा आवाज उशिरा सुरू होतो. जुन्या पद्धतीत निकेल-ॲल्युमिनियम ब्रॉन्झचं ओतकाम घ्यायचं, ढोबळ कापायचं, मग टेम्प्लेट लावून लावून हातानं ग्राइंड करायचं. कितीही कसलेला कारागीर असो, पाच-सात पाती हुबेहूब एकसारखी उतरत नाहीत. एका पात्याची कड किंचित जाड, दुसऱ्याचा बाक किंचित वेगळा. बहुअक्षी यंत्र हा फरक जवळजवळ पुसून टाकतं. प्रॉपेलरचं डिझाइन तुमच्याकडे असेल, पण ते धातूत तसंच्या तसं उतरवण्याची सोय नसेल, तर ते कागदावरच राहतं. तोशिबा मशीननं विकली ती ही सोय. अर्जावर ती लेथ म्हणून गेली.

कुमागाईंचं पत्र आल्यावर कोकॉमनं जपान सरकारला विचारलं. जपानच्या व्यापार-उद्योग मंत्रालयानं कंपनीला विचारलं. कंपनीनं पुन्हा तेच कागद दाखवले. मंत्रालयानं उत्तर पाठवलं की नियमभंग आढळला नाही. या टप्प्यावर मी प्रत्येक वेळी थांबते. ज्या कागदावर संशय आहे, तोच कागद पुरावा म्हणून परत आला आणि स्वीकारला गेला. कोणी म्हणालं नाही की यंत्राचं ड्रॉइंग दाखवा, ते जिथे घडवलं तिथल्या फोरमनला बोलवा, चाचणीचे आकडे काढा. नुमाझूच्या कारखान्यात ते यंत्र जुळवताना कितीतरी जणांनी पाहिलं असणार. एवढी मोठी वस्तू लपत नाही. लपवली ती फक्त एका ओळीत, आणि बघणाऱ्यांनी फक्त ती ओळ बघितली.

अमेरिकेनं पिच्छा सोडला नाही. नॉर्वेतून कागद हाती आले, 1987 च्या वसंतात टोकिओच्या पोलिसांनी छापे घातले, मे महिन्याअखेर तोशिबा मशीनच्या दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. मग वॉशिंग्टनमध्ये आगडोंब उसळला. तो काळच तसा होता. जपानी मोटारी आणि टीव्ही यांनी अमेरिकी कारखाने बंद पाडले होते, व्यापारातली तूट वाढत होती, आणि त्यात ही बातमी. काँग्रेसच्या काही सदस्यांनी, त्यात मेरीलँडच्या हेलन बेंटली होत्या, संसदेच्या इमारतीसमोर मोठे हातोडे घेऊन तोशिबाचा रेडिओ-कॅसेट फोडला. तो फोटो जगभर गेला. सिनेटनं 92 विरुद्ध 5 मतांनी तोशिबाच्या मालावर बंदी घालण्याच्या बाजूनं कौल दिला.

तोशिबा मशीन ही वेगळी कंपनी होती. रेडिओ बनवणाऱ्या मूळ तोशिबाचे तिच्यात निम्म्याहून किंचित जास्त शेअर होते. तरी 1 जुलै 1987 ला मूळ तोशिबाचे अध्यक्ष शोइची साबा आणि प्रेसिडेंट सुगिइचिरो वातारी दोघेही पायउतार झाले. कंपनीनं अमेरिकी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन माफी मागितली. जपानच्या व्यापारमंत्र्यांना वॉशिंग्टनला जाऊन खेद व्यक्त करावा लागला. नॉर्वेत कोंग्सबर्ग आधीच कर्जात रुतली होती. तिचे तुकडे करण्यात आले, आणि सोव्हिएत सौदे करणारा व्यापारी विभाग बंद झाला.

शिक्षा काय झाली हे मात्र फार कमी जणांना आठवतं. मार्च 1988 मध्ये टोकिओच्या जिल्हा न्यायालयानं तोशिबा मशीनला 20 लाख येन दंड केला. त्या वेळच्या भावानं साधारण 16 हजार डॉलर. दोन अधिकाऱ्यांना कैद झाली, पण ती स्थगित, म्हणजे तुरुंगात कोणी गेलं नाही. कारण कायद्याची मुदत. ती चार मोठी यंत्रं पाठवल्याला तीन वर्षांपेक्षा जास्त काळ लोटला होता आणि त्या गुन्ह्यावर खटला भरण्याची मुदतच संपली होती. खटला उभा राहिला तो नंतर, 1984 मध्ये, पाठवलेल्या सुट्या भागांवर आणि तांत्रिक माहितीवर. जपाननं त्यानंतर कायदा कडक केला, कैदेची कमाल मर्यादा 3 वरून 5 वर्षांवर नेली. अमेरिकेनं 1988 च्या व्यापार कायद्यात तोशिबा मशीन आणि कोंग्सबर्गच्या व्यापारी कंपनीवर 3 वर्षांची बंदी घातली. मूळ तोशिबाला सरकारी खरेदीतून तेवढाच काळ बाहेर ठेवलं. पूर्ण आयातबंदी झाली नाही. तोशिबाचे भाग वापरणाऱ्या अमेरिकी कंपन्यांनीच त्या बंदीविरुद्ध जोर लावला होता.

त्या चार यंत्रांनी खरंच सोव्हिएत पाणबुड्या शांत केल्या का? त्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनमध्ये असं बोललं जात होतं की जणू दुसरं काही कारणच नाही. पण तारखा मांडून पाहा. सोव्हिएत नौदलाची व्हिक्टर-3 ही पाणबुडी 1970 च्या दशकाच्या अखेरीसच आधीच्यांपेक्षा बरीच शांत झाली होती. तेव्हा नुमाझूची यंत्रं लेनिनग्राडला पोचलीही नव्हती. अकुला वर्गाची पहिली पाणबुडी 1984 मध्ये पाण्यात उतरली, म्हणजे यंत्रं बसून जेमतेम वर्ष होत होतं. आपल्या पाणबुड्यांचा आवाज दूरवर ऐकू जातो हे मॉस्कोला कळलं त्यात अमेरिकी नौदलातल्याच जॉन वॉकरचा मोठा हात होता. 1967 पासून 1985 मध्ये पकडला जाईपर्यंत तो गुपितं विकत होता. पाणबुडीतला आवाज फक्त प्रॉपेलरचा नसतो. गिअर, पंप, टर्बाइन यांची थरथर सांगाड्यापर्यंत पोचू न देणं हे निराळं आणि मोठं काम असतं. आणि नॉर्वेच्या पोलिसांनी खोदकाम केलं तेव्हा निघालं की तोशिबाच्या कितीतरी आधीपासून पश्चिम युरोपातल्या इतर कंपन्याही सोव्हिएत कारखान्यांना बहुअक्षी यंत्रं विकत होत्या. त्यात फ्रान्सची एक कंपनी ठळक होती. तिच्या नावानं कोणी हातोडा उचलला नाही.

हे सांगताना तोशिबा मशीनचा गुन्हा मला यत्किंचितही लहान करायचा नाही. परिणाम मोठा झाला की लहान, यावर खोटेपणा ठरत नाही. त्यांना नियम माहीत होता, यंत्र माहीत होतं, घेणारा माहीत होता, आणि त्यांनी जाणून-बुजून दुसऱ्याच यंत्राचं नाव लिहिलं. माझी चीड आहे ती त्यानंतरच्या हिशेबावर. कागद रचणाऱ्यांना स्थगित शिक्षा, आणि ज्यांनी ते यंत्र स्वप्नातही पाहिलं नव्हतं अशा रेडिओ आणि लॅपटॉप जुळवणाऱ्या कामगारांच्या मालावर बंदीची टांगती तलवार.

कुमागाईंविषयी मी खूप विचार केला आहे. कंपनीशी भांडण झालं म्हणून त्यांनी पत्र लिहिलं, असं त्यांच्याविरुद्ध म्हटलं गेलं. त्यांचं भांडण झालं होतं हे खरंच आहे. पण मला हा आक्षेप पोकळ वाटतो. माहिती देणारा माणूस रागावलेला असू शकतो आणि माहिती शंभर टक्के खरी असू शकते. तो सौदा घडवण्यात त्यांचाही हात होता. ते निव्वळ साक्षीदार नव्हते. तरीही 1985 मध्ये, मंत्रालय डोळे मिटून बसलेलं असताना, त्या साखळीतल्या एवढ्या माणसांपैकी लिहून कळवणारे तेच निघाले. मंत्रालयाला तांत्रिक माहिती त्यांच्यापेक्षा जास्त सहज मिळाली असती. अधिकारही होता. नव्हती ती इच्छा. जपानला त्या काळी सोव्हिएत बाजार हवा होता, आणि परवाने तपासणारे अधिकारी मोजकेच ठेवले होते.

इथवर सगळं सरळ आहे. इथून पुढे मला ते सरळ राहत नाही, कारण मी पुण्यात वाढले.

1987 मध्ये वॉशिंग्टनमध्ये तोशिबावरून रण पेटलं होतं, त्याच सुमाराला तिथे आणखी एका यंत्राची चर्चा चालू होती. भारताला क्रे महासंगणक हवा होता, मान्सूनच्या अंदाजासाठी. अमेरिकेला दोन शंका होत्या. एक, हा संगणक अण्वस्त्रांच्या गणितासाठी वापरला जाईल. दुसरी, भारताची सोव्हिएत रशियाशी एवढी मैत्री की त्याची गुपितं तिकडे झिरपतील. तोशिबाच्या बातम्या वाचत असलेल्या अधिकाऱ्याच्या मनात ही दुसरी शंका किती ताजी असेल! भारतानं मागितला त्यापेक्षा कमी ताकदीचा एक्सएमपी-14 दिला गेला. तोही काय चालवायचं, कोणी चालवायचं याच्या अटींसकट, दिल्लीच्या हवामान केंद्रासाठी. 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये परम 8000 हा आपला महासंगणक उभा राहिला. गणेशखिंडीत सी-डॅकवरून जाताना आमच्या पिढीला प्रत्येक वेळी कोणीतरी ही गोष्ट सांगितलेली आहे. नाकारलं, म्हणून आपण केलं. त्या अभिमानात मी वाढले आणि तो मला आजही खोटा वाटत नाही.

पण त्या अभिमानाची एक बाजू आम्हाला शाळेत कोणी सांगितली नाही. ज्या याद्यांनी भारताला अडवलं, त्यांतली अणुइंधनाची आणि अणुसाहित्याची यादी भारतामुळेच झाली. तुर्भ्याच्या सायरस अणुभट्टीची रचना कॅनडानं दिली होती, जड पाणी अमेरिकेनं, आणि दोघांनी ते शांततेच्या वापरासाठी म्हणून दिलं होतं. 18 मे 1974 ला पोखरणला जो स्फोट झाला त्यातलं प्लुटोनियम सायरसचं होतं. भारतानं त्याला शांततामय स्फोट म्हटलं. कॅनडानं अणुसहकार्य थांबवलं, आणि पुरवठादार देशांनी लंडनमध्ये बैठका घेऊन स्वतःचा गट बांधला. पुढे तारापूरच्या इंधनावरून जे रामायण झालं, अमेरिकेचा पुरवठा बंद, मग फ्रान्सकडे धाव, ते याच मालिकेतलं. तो स्फोट करायला नको होता असं माझं मत नाही. चीनच्या अणुस्फोटांनंतर आणि 1962 च्या जखमेनंतर दुसरं काय करता आलं असतं, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. पण कॅनडाच्या अधिकाऱ्याच्या जागी बसले, तर मला त्या करारावरची आमची सही कशी दिसली असती, हा विचार मी टाळत नाही. निर्यातीच्या टेबलावर बसल्यावर तो टाळताही येत नाही.

कारण आता आपण भिंतीच्या आतल्या बाजूला आहोत. कोकॉम 31 मार्च 1994 ला बंद झाली. 1996 मध्ये तिच्या जागी वासेनार करार आला. त्यात शत्रू म्हणून एका गटाचं नाव नाही, आणि रशियाही सभासद आहे. डिसेंबर 2017 मध्ये भारतही त्यात आला. आपली स्वतःची यादी आहे, स्कोमेट नावाची. पाच अक्षांची बरीच यंत्रं तिच्या आठव्या विभागात मोडतात. यंत्र नेमकं किती अचूक आहे याच्या आकड्यांवर ते ठरतं. अर्ज विदेश व्यापार महासंचालनालयाकडे जातो, अनेक खात्यांचे अधिकारी मिळून तो पाहतात, आणि घेणाऱ्याकडून तो माल कशासाठी वापरणार याचं लेखी प्रमाणपत्र घ्यावं लागतं. 2022 मध्ये रशियानं युक्रेनवर पूर्ण आक्रमण केल्यापासून सीएनसी म्हणजे संगणकाच्या हुकमानं चालणारी यंत्रं आणि त्यांचे नियंत्रक हा पुन्हा एकदा जगाच्या भांडणाचा विषय झाला आहे. अमेरिका, युरोप, जपान यांनी मिळून केलेल्या खास लक्ष ठेवायच्या मालाच्या यादीत ती आहेत. माल थेट जात नाही, तिसऱ्या देशातून जातो. ऑक्टोबर 2024 मध्ये अमेरिकेनं रशियाला मदत केल्याच्या कारणावरून ज्या कंपन्यांवर निर्बंध लावले, त्यांत काही भारतीय कंपन्याही होत्या.

मग माझ्या टेबलावर काय येतं? आखातातल्या एखाद्या व्यापाऱ्याची चौकशी. कारखाना नाही, गोदामाचा पत्ता आहे. यंत्र हवं, पण प्रशिक्षण नको, इन्स्टॉलेशनला माणूस नको, वॉरंटीबद्दल फारशी फिकीर नाही. आमच्या विक्री विभागाला ही चौकशी गोड वाटते, कारण घासाघीस कमी आणि आगाऊ रक्कम जास्त. मला ती नेमकी याच कारणांसाठी खटकते. एवढं महाग यंत्र घेणारा माणूस आधी विचारतो की बसवायला कोण येणार. आमचे सर्व्हिसचे शिंदे काका, ज्यांनी आयुष्यभर लोकांच्या शॉपफ्लोअरवर यंत्रं बसवली, ते म्हणतात की ताई, गिऱ्हाइकाला फाउंडेशनचा ड्रॉइंग नको असेल तर ते यंत्र त्याच्याकडे बसणारच नाहीये. मंत्रालयाच्या कुठल्याही मार्गदर्शक पुस्तिकेइतकं हे वाक्य मला उपयोगी पडलं आहे.

यावर कोणी म्हणेल की मग संशय घ्यावा, कडक व्हावं, धरावं. त्याचीही एक गोष्ट जपानमध्येच घडली, आणि तोशिबाइतकीच ती मला छळते.

योकोहामाची ओकावारा काकोकी ही कंपनी स्प्रे ड्रायर बनवते. द्रवाचा फवारा गरम हवेत सोडून भुकटी करणारं यंत्र. दुधाची भुकटी, कॉफी, औषधं अशा कितीतरी कामांना तंत्र हेच. जैविक अस्त्रांसाठी जंतूंची भुकटी करायलाही ते वापरता येईल या भीतीनं काही प्रकारच्या ड्रायरना निर्यातपरवाना लागतो. अट अशी की यंत्र न उघडता आतल्या आत निर्जंतुक करता आलं पाहिजे. टोकिओच्या पोलिसांनी ठरवलं की कंपनीचं यंत्र रिकामं तापवलं की आतले जंतू मरतात, म्हणजे चीन आणि दक्षिण कोरियाला ते विनापरवाना पाठवलं हा गुन्हा. मार्च 2020 मध्ये कंपनीच्या तीन प्रमुखांना अटक झाली. यंत्राच्या आत काही जागा अशा आहेत जिथे तापमान तेवढं चढतच नाही, असं कंपनीची माणसं सांगत राहिली. त्या जागी तापमान मोजायचे कष्ट पोलिसांनी घेतले नाहीत. तिघांतले एक सल्लागार कोठडीत कर्करोगानं आजारी पडले. जामीन पुन्हा पुन्हा नाकारला गेला. फेब्रुवारी 2021 मध्ये ते वारले, आरोपी म्हणूनच. जुलै 2021 मध्ये, सुनावणी सुरू होण्याच्या तोंडावर, सरकारी वकिलांनी खटला मागे घेतला. पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यात तपासात असलेल्या एका पोलिसानंच न्यायालयात सांगितलं की हे प्रकरण रचलेलं होतं. डिसेंबर 2023 मध्ये जिल्हा न्यायालयानं आणि मे 2025 मध्ये उच्च न्यायालयानं अटक बेकायदेशीर ठरवली. 16 कोटी येनच्या वर भरपाई द्यायला सांगितली. सरकारनं पुढे अपील केलं नाही.

ज्यांनी नऊ अक्षांना दोन म्हटलं त्यांना एक दिवसही शिक्षा भोगावी लागली नाही, आणि ज्यांनी आपलं यंत्र जसं आहे तसं सांगितलं त्यांतले दोघे जवळजवळ 11 महिने कोठडीत राहिले. दोन्ही प्रकरणांच्या मध्ये तीन दशकांहून जास्त काळ आहे, हेतू एकमेकांच्या उलट आहेत, तरी चूक मला एकच दिसते. 1982 मध्ये परवाना देणाऱ्यानं यंत्र पाहिलं नाही, कारण सौदा व्हायला हवा होता. 2020 मध्ये अटक करणाऱ्यानं यंत्र पाहिलं नाही, कारण गुन्हा सापडायला हवा होता. थर्मामीटर घेऊन ड्रायरच्या त्या कोपऱ्यापाशी उभं राहायचं, किंवा नुमाझूच्या शेडमध्ये जाऊन स्पिंडल किती बाजूंना वळतो ते बघायचं, यात फार मोठी विद्या लागत नाही. एक दिवस लागतो आणि उत्तर आपल्याला हवं तसं न येण्याची तयारी लागते.

माझ्यासारख्या कागद करणाऱ्या माणसांना यंत्र बघायला कोणी पाठवत नाही. आमच्यापर्यंत डिझाइन विभागाकडून एक ओळ येते आणि आम्ही ती रकान्यात भरतो. इंग्रजी नीट, स्पेलिंग नीट, कोड नीट. पण त्या ओळीखाली सही माझी असते. म्हणून आमच्या कंपनीत मी एक पद्धत मागून घेतली आहे: नियंत्रित यादीच्या जवळ जाणारं यंत्र असेल, तर अर्ज भरण्याआधी मी असेंब्लीत जाते, अभियंत्याला यंत्र चालवायला सांगते, अक्ष एकेक करून हलवून दाखवायला सांगते, आणि अचूकतेचा अहवाल त्याच्या सहीनं घेते. सुरुवातीला पोरं हसायची. आता दिवाळीनंतर नव्यानं आलेल्या मुलीलाही मी बरोबर नेते. मागच्या खेपेला तिनं विचारलं की मॅडम, इनव्हॉइसवर चार अक्ष लिहिलेत, पण हा टेबल तर कलतोय पण आणि फिरतोय पण, मग हा पाचवा कुठे धरला? आम्ही ती फाइल थांबवली. चौकशी केल्यावर कळलं की डिझाइननं जुन्या मॉडेलची ओळ तशीच उचलली होती, त्यात लबाडी काही नव्हती. वर्णन बदललं, परवान्याचा अर्ज केला, आणि डिलिव्हरी काही महिने पुढे गेली.